दोन सूत

माझे भाऊजी सुतार आहेत आणि मी शहराच्या नियोजन कार्यालयात नकाशे काढतो. दोघांच्याही कानावर पेन्सिल असते. ‘फरक एवढाच,’ भाऊजी म्हणतात, ‘माझी रेघ चुकली तर दार लागत नाही, आणि तुझी चुकली तर कुणाला पत्ता लागत नाही.’ बायकोच्या धाकट्या भावाची टर उडवायचा हक्क त्यांना लग्नाच्या दिवशीच मिळाला, आणि गेल्या तेवीस वर्षांत त्यांनी तो एक दिवसही वाया घालवलेला नाही. मीही गप्प बसणाऱ्यातला नाही, पण आज त्यांच्याबद्दल लिहायला बसलोय, तर माझी उत्तरं बाजूला ठेवतो.

या माणसाने उभ्या आयुष्यात एकदाच खोटं माप धरलं. ते दोन सुतांचं होतं. आता ज्यांना सूत माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो: इंचाचे आठ भाग केले की एक भाग म्हणजे एक सूत. जुने सुतार यातच मोजतात. भाऊजींच्या कारखान्यात ‘साधारण’ या शब्दाला बंदी आहे. गिऱ्हाईक म्हणालं, ‘साधारण अडीच फुटांचं कपाट हवंय,’ की भाऊजी विचारतात, ‘दारंही साधारणच लागली तर चालतील ना?’ गिऱ्हाईक मुकाट्याने घरी जाऊन टेप घेऊन परत माप काढतं.

कारखाना म्हणजे ओढ्याच्या काठावरची एक लांबट खोली. तीत एक भलं मोठं कामाचं टेबल, भिंतीवर उतरत्या मापाच्या पटाशा आणि पायाखाली कायम भुसा. वर दोन खोल्या, तिथे ताई आणि भाऊजी राहतात. हे सगळं उभं आहे दोन फूट उंच दगडी जोत्यावर, आणि ते जोतं भाऊजींनी तिशी गाठायच्या आत स्वतःच्या हातांनी रचलेलं. तेव्हा ओढ्याकडे कुणी बघत नव्हतं. ज्याला जागा कमी पडे तो दोन गाड्या दगड ओढ्याच्या कडेला टाकून मोकळा होई. भाऊजींनीही टाकले. त्यांनी निदान नीट रचले.

ओढ्याच्या वरच्या अंगाला, पलीकडच्या काठावर, खालची गल्ली आहे. तिला खालची का म्हणतात हे जोराचा पाऊस झाला की कळतं. त्या गल्लीच्या तोंडाशीच इस्त्रीवाल्या मावशीचं घर. पुढच्या खोलीत इस्त्रीचं उंच टेबल, टेबलाखाली लोकांच्या कपड्यांचे गठ्ठे, मागे ती आणि तिचा नवरा. दरवर्षी एकदोनदा तिच्या घरात पाणी शिरायचं, गठ्ठे माळ्यावर चढायचे, आणि पाणी ओसरलं की दार फुगून बसायचं. ना धड उघडायचं ना धड लागायचं. मग भाऊजी रंधा घेऊन जायचे आणि दाराची खालची कड तासून द्यायचे. दार त्यांनीच केलेलं होतं, त्यामुळे ते याला दुरुस्ती म्हणत नसत, देखभाल म्हणत. ‘मावशी, तुझं दार फार पाणी पितं,’ हा त्यांचा ठरलेला विनोद, आणि ‘तुम्ही त्याला लहानपणी सवय लावली असेल,’ हे तिचं ठरलेलं उत्तर. पाणी कुठवर चढलं ते लाकडाच्या फुगण्यावरून दिसतं. म्हणजे मावशीच्या घरात किती पाणी येतं हे सगळ्या शहरात सगळ्यात नेमकं कुणाला माहीत असेल, तर ते माझ्या भाऊजींना.

एवढं ध्यानात ठेवा. आता माझ्या कार्यालयाकडे वळू.

आमच्याकडे नव्या मुख्य नियोजक आल्या तेव्हा पहिल्याच आठवड्यात त्यांचं नाव ‘दोनदा मॅडम’ पडलं. काहीही टेबलावर ठेवा, त्या विचारायच्या, ‘दोनदा तपासलं?’ एकदा तपासलेलं म्हणजे त्यांच्या लेखी न तपासलेलंच. बाई कडक, पण डोक्याने साफ. आमची जुनी पद्धत अशी होती की आराखडा तयार करायचा, फलकावर टाचायचा आणि हरकती मागवायच्या. हरकत येई ती एकाच माणसाची. एक निवृत्त शिक्षक होते, ते प्रत्येक आराखड्यावर चार पानं लिहून आणत. त्यांना आम्ही हरकतमास्तर म्हणायचो. बाकीचं शहर फलकासमोरून छत्री सावरत निघून जायचं.

मॅडम म्हणाल्या, हे बंद. ओढ्याकाठचा आराखडा काठावरच्या लोकांबरोबर बसून करायचा. दरवर्षी पाणी शिरतं, दरवर्षी आपण भिंत उंच करतो, आणि दरवर्षी पाणी पुढच्याच्या घरात जातं. याला नियोजन म्हणत नाहीत.

पहिली सभा शाळेच्या सभागृहात झाली. मी माझा सगळ्यात देखणा नकाशा भिंतीवर लावला होता. इस्त्रीवाली मावशी पुढे आली, चष्मा लावला, काढला, मान तिरकी करून बघितलं आणि म्हणाली, ‘यात माझं घर कुठाय?’ मी बोट ठेवलं. ती म्हणाली, ‘हे? इथं तर कचऱ्याचा डबा असतो.’ सभागृह हसलं. मीही हसलो, पण कानशिलं तापली होती. नंतर गल्लीत जाऊन बघितलं तर तिचं बरोबर होतं.

दुसऱ्या दिवशी मीच मॅडमना म्हणालो की नकाशा लोकांना वाचता येत नाही, पण वस्तू हातात घेता येते. लाकडात करू. अख्खी वस्ती, चढउतारांसकट, ओढ्यासकट. वर झारीने पाणी ओतायचं आणि कुठे जातं ते सगळ्यांनी मिळून बघायचं. मॅडमनी विचारलं, ‘एवढं अचूक कोण करेल?’ मी छाती पुढे काढून म्हणालो, ‘माझे भाऊजी.’

भाऊजींनी ते काम घेतलं आणि बाकी सगळं टांगणीला लावलं. आठ फूट बाय पाच फूट. जमिनीवरच्या एक फूट उंचीला मॉडेलवर एक सूत, असं आम्ही ठरवलं. जागोजागची उंची मोजलेले तक्ते मी दर रविवारी घेऊन जायचो, आणि भाऊजी फळीवर फळी चिकटवून, पटाशीने कोरून शहराचा तो तुकडा उभा करायचे. ताई भुश्यातून वाट काढत चहा आणायची आणि म्हणायची, ‘माझ्या स्वयंपाकघराचा कट्टा चार वर्षं अडलाय, आणि यांनी अख्खं गाव बांधून काढलं.’ घरांचे ठोकळे वेगळे, उचलता येतील असे. मावशीच्या ठोकळ्याला त्यांनी नखाएवढं दार कोरलं होतं.

असाच एका रविवारी मी बोलून गेलो. खरं तर बोलायला नको होतं, आराखडा अजून कच्चा होता. पण घरचा माणूस म्हणून जीभ सैल सुटली. म्हटलं, ‘भाऊजी, या चाचणीत जे जोतं किंवा जी भिंत ओढ्याच्या आड येताना दिसेल, ती मागे घ्यावी लागणार आहे. बारा फूट तरी.’

भाऊजींची करवत थांबली. बारा फूट मागे म्हणजे कारखाना अर्धा गेला, आणि त्याच्या डोक्यावरची ताईची पुढची खोली पूर्ण गेली. त्यांनी भुसा फुंकला आणि करवत परत चालू केली.

मॉडेल तयार झालं, चौघांनी उचलून शाळेच्या सभागृहात नेलं. चाचणीच्या सकाळी लोकांच्या आधी तासभर मी तिथे पोचलो, कारण उंची तपासून सही करणं माझं काम होतं. पट्टी लावत लावत गेलो. टेकडी बरोबर. पूल बरोबर. खालची गल्ली बरोबर. शेवटी भाऊजींच्या जोत्यापाशी आलो आणि पट्टी दोन सूत कमी दाखवायला लागली. मला वाटलं, माझाच हात चुकला. वाकून बघितलं. त्या कोपऱ्यावरचं वॉर्निश बाकीच्यापेक्षा ताजं होतं, चकचकीत. जोत्याचा वरचा थर बारीक करवतीने अलगद कापून काढला होता आणि वरून वॉर्निश फिरवलं होतं. म्हणजे मॉडेलमध्ये कारखान्याचं जोतं नव्हतंच. तिथे सपाट काठ होता, पाण्याला हवं तेवढं पसरायला.

ज्या माणसाने मला ‘साधारण’ म्हटल्याबद्दल चहाविना परत पाठवलं होतं, त्याने हे केलं होतं. आणि मी काय केलं? मी सही केली. ताईची पुढची खोली डोळ्यांपुढे आली, तिथली तिची शिलाई मशीन, खिडकीतली कुंडी, आणि मी सही केली. वर स्वतःला समजावलं की दोन सुतांनी काय होतंय. आजही आठवलं की लाज वाटते.

दहाच्या सुमारास लोक आले. नकाशासमोर मुकी उभी राहणारी माणसं या लाकडी वस्तीभोवती लहान मुलांसारखी गोळा झाली. ‘हा माझा जिना!’ ‘अरे, आमच्या बोळात खड्डापण कोरलाय!’ कुणी आपलं घर बोटाने चाचपत होतं, कुणी शेजाऱ्याचं मोजत होतं. एका बसचालकाने बसथांबा चुकीच्या बाजूला आहे असं दाखवून दिलं, आणि ते खरं निघालं. तीही माझीच चूक. मॅडम सगळं लिहून घेत होत्या. पाणी ओतायच्या आधी भिजू नयेत म्हणून घरांचे ठोकळे उचलायचे होते. मावशीने आपला उचलू दिला नाही.

‘पाणी येतं तेव्हा आम्ही घर उचलून नेतो का?’ ती म्हणाली.

ठोकळा राहिला. तीन झाऱ्या एकदम रिकाम्या झाल्या. पाणी टेकडीवरून उतरलं, ओढ्याला लागलं, फुगलं, खालच्या गल्लीपर्यंत आलं, आणि कारखान्यापाशी पोचताच ऐसपैस पसरून पुढे निघून गेलं. मावशीचं नखाएवढं दार कोरडं ठणठणीत. लोकांनी टाळ्या वाजवल्या, कारण पाणी खरंच ओढ्यासारखं वळलं होतं आणि ते बघायला मजा आली होती.

‘हे खोटं आहे,’ मावशी म्हणाली.

हरकतमास्तरांनी संधी सोडली नाही. ‘खोटं कसं? सर्वांच्या देखत झालं. मी पहिल्यापासून सांगतोय, ओढ्यात काही दोष नाही. खालच्या गल्लीतले लोक कचरा टाकतात, नाली तुंबते आणि पाणी त्यांच्याच घरात शिरतं. करायचं स्वतः आणि बोट दाखवायचं दुसऱ्याकडे!’

‘मी कचरा टाकते? मास्तर, तुमचे शर्ट माझ्याकडे येतात, कॉलरवरून मला कळतं कोण किती स्वच्छ आहे ते!’

सभागृह हसलं, पण वारं मास्तरांच्या बाजूने वाहत होतं. आमचे अभियंतेही मान हलवू लागले. ओढा रुंद करायची गरज दिसत नाही, नाली साफ केली की झालं. कागदावर तसं उतरलं असतं तर खालच्या गल्लीला पुढची वीस वर्षं कुणी विचारलं नसतं. मी भाऊजींकडे बघितलं. ते भिंतीशी उभे राहून स्वतःच्या तळहाताकडे बघत होते.

‘ठीक आहे,’ मॅडम म्हणाल्या, ‘चहा घ्या. अर्ध्या तासाने पुन्हा ओतू. चाचणी दोनदा.’

व्हरांड्यात चहाचे कप फिरत होते. मी भाऊजींपाशी सरकलो आणि हळूच म्हणालो, ‘काळजी करू नका. दुसऱ्यांदा ओतलं तरी तेच होणार.’

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मला कळलंय हे त्यांना कळलं. ‘तेच होणार,’ ते म्हणाले. चहाला त्यांनी हात लावला नव्हता.

तेवढ्यात मावशी आली. मला वाटलं, आता ही भांडणार. भांडली असती तर बरं झालं असतं. ती त्यांच्या शेजारी बाकावर बसली आणि अगदी हळू आवाजात म्हणाली, ‘दादा, एक विचारू? मॉडेल तुम्ही केलंय म्हणजे ते चुकायचं नाही, हे मला माहितीय. सगळ्यांपुढं मी खोटं म्हणाले, ते रागात. पण मग माझ्या घरात पाणी येतं कुठनं हो? तुम्ही दरवर्षी दार तासता. तुम्हीच सांगा. माझंच काही चुकत असेल का? मी दुपारी कपडे धुते, ते पाणी दारात साचत असेल का?’

गुडघाभर पाण्यात उभी राहिलेली बाई स्वतःच्या डोळ्यांवर अविश्वास दाखवायला तयार होती, पण भाऊजींच्या मापावर नाही.

भाऊजी उठले. ‘नाही मावशी,’ ते म्हणाले, ‘तुझं काही चुकत नाही.’ आणि ते तसेच आत गेले.

दुसऱ्या चाचणीला लोक परत गोळा झाले, झाऱ्या भरल्या गेल्या. भाऊजी टेबलापाशी येऊन उभे राहिले. त्यांनी शर्टाच्या खिशातून चष्म्याचं घर काढलं आणि त्यातून एक पातळ लाकडी पट्टी बाहेर काढली.

‘मॅडम, ओतायच्या आधी एक काम राहिलंय,’ ते म्हणाले. आवाज नेहमीचाच, गिऱ्हाइकाशी बोलतात तसा. ‘हा कोपरा दोन सूत कमी आहे. माझ्या कारखान्याचं जोतं आहे हे. कापलं मीच.’

भाऊजींनी पट्टी कोपऱ्यावर ठेवली, आणि ती अशी बसली की लाकडाची रेष रेषेला जुळली. तोच तुकडा होता तो. कापून काढला होता, पण फेकवला नव्हता त्यांच्याने. त्यांनी खिशातून हातोडी काढली, दोन बारीक खिळे काढले. हातोडी सांभाळून खिळा आणि पट्टी दोन्ही धरणं त्यांना एकट्याने जमेना.

गर्दीतून ताई पुढे आली. तिला यातलं काहीही ठाऊक नव्हतं. तिची खोली जाऊ शकते हेही तिला त्याच क्षणी कळत होतं. तिने दोन बोटांनी पट्टी दाबून धरली. लग्न झाल्यापासून ती अशाच फळ्या धरत आली होती.

‘मारा,’ ती म्हणाली, ‘सरळ मारा.’

दोन खिळे बसले. फटीत मेण भरलं. मग भाऊजींनी स्वतः झारी उचलली.

पाणी उतरलं. फुगलं. कारखान्याच्या जोत्याला धडकलं आणि मागे फिरलं. पसरायला जागा नव्हती म्हणून पलीकडच्या काठावरून खालच्या गल्लीत शिरलं, आणि हळूहळू चढत मावशीच्या ठोकळ्यापाशी आलं. नखाएवढ्या दाराचा खालचा भाग बुडाला आणि पाणी तिथेच थांबलं. जिथे दरवर्षी थांबतं तिथेच.

‘आलं!’ मावशी ओरडली. ‘आलं बघा! आलं माझ्या घरात!’ आपलं घर बुडताना बघून एवढी आनंदलेली बाई मी आजवर बघितली नाही. ती टाळ्या वाजवत होती, आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. खालच्या गल्लीतले सगळे टेबलाला खेटून उभे राहिले आणि एकमेकांना ते बुडालेलं दार दाखवू लागले.

मॅडमनी माझ्याकडे बघितलं. ‘उंची तुम्ही तपासली होती?’

‘हो.’

‘दोनदा?’

‘एकदाच,’ मी म्हणालो. ‘आणि त्या एकदातच कळलं होतं.’

त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं. त्याचं लेखी उत्तर मला नंतर द्यावं लागलं आणि सहा महिने माझ्या प्रत्येक नकाशावर दुसऱ्याची सही लागली. ठीकच झालं. त्या संध्याकाळी ताईने माझा कान धरला तो वेगळा. चाळिशीतल्या माणसाचा कान धरू नये, पण ती ताई आहे.

खरी मजा मात्र त्यानंतर झाली, आणि त्यासाठी मी हे सगळं लिहितोय. अभियंत्यांनी पेन्सिल काढून जोत्यावर बारा फुटांची रेघ मारली. कारखाना अर्धा गेला, खोली गेली. भाऊजी म्हणाले, ‘मारा रेघ, मी काही बोलणार नाही.’ तेव्हा बोलली ती मावशी.

‘थांबा की जरा. पाण्याला जायला खाली जागा पाहिजे ना? वर तर नको ना? माझं इस्त्रीचं टेबल बघा. खाली गठ्ठे, वर काम. कुणाला कुणाची अडचण नाही. दगड काढा आणि यांच्या घराला पाय लावा!’

अभियंते एकमेकांकडे बघायला लागले. भाऊजींच्या तोंडावर सकाळपासून पहिल्यांदा रंग आला. ‘टेबलच करायचंय होय,’ ते म्हणाले, ‘मग आधी सांगायचं!’ आणि पटाशी काढून त्यांनी तिथल्या तिथे, सगळ्यांच्या समोर, आत्ताच ठोकलेली पट्टी उपसली, तिच्या खालचंही थोडं कोरलं, आणि कारखान्याचा ठोकळा चार खिळ्यांवर उभा केला. तिसऱ्यांदा पाणी ओतलं. ते ठोकळ्याखालून सळसळत निघून गेलं.

मग कुणाला आवरेना. बसचालक म्हणाला की पुलाच्या अलीकडची भिंत पाणी तुंबवते, ती काढून उतरता काठ करा. त्याने बोटाने दाखवलं, भाऊजींनी कोरलं, परत ओतलं. वरच्या अंगाच्या बायकांनी शाळेच्या मैदानाची कड खाली घ्यायला लावली, म्हणजे पहिला लोंढा तिथे तासभर थांबेल. काही कल्पना सपशेल पडल्या. माझी एक होती, तिने अर्धी वस्ती बुडवली. दुपारचे चार वाजले तरी लोक झाऱ्या भरून आणत होते आणि सभागृहात घोटाभर पाणी झालं होतं. शेवटी मॅडमनी हरकतमास्तरांना विचारलं, ‘तुमचं काही?’ मास्तर मावशीकडे वळून म्हणाले, ‘मी तुम्हाला बोललो ते चुकलं,’ आणि मग मॅडमना म्हणाले, ‘नाही. काही नाही.’ आमच्या कार्यालयाच्या इतिहासात हे पहिल्यांदा घडलं.

पुढचं सगळं एका दिवसात झालं नाही. दीड वर्ष लागलं. कारखान्याचं जोतं भाऊजींनी स्वतः उतरवलं. दुसऱ्या कुणाला दगडाला हात लावू दिला नाही. खांब शहराने उभारले, वरची फळ्यांची जमीन भाऊजींनी केली. त्या काळात ताई आमच्याकडे राहायला होती आणि तिने माझं स्वयंपाकघर स्वतःच्या पद्धतीने लावून टाकलं, ते अजून तसंच आहे. जोत्याचे दगड मैदानाच्या कडेला बसायला लावले. ओढ्याच्या उतरत्या काठावर गवत धरलं. कोरड्या दिवसांत कारखान्याच्या खाली सावली असते, तिथे म्हातारी माणसं येऊन बसतात आणि वरच्या करवतीच्या आवाजाला नावं ठेवतात.

‘पण तुमच्या भाऊजींनी फसवलं होतं ना?’ असं अजूनही कुणी विचारतं. हो, फसवलं होतं. अर्धा दिवस. तेवढ्या वेळात त्यांनी काय सोसलं ते मला ठाऊक आहे, आणि ती पट्टी आता कारखान्याच्या भिंतीवर खिळ्याला टांगलेली आहे, पटाशांच्या रांगेत सगळ्यात शेवटी. नवीन कारागीर आला की ते ती त्याच्या हातात देतात आणि विचारतात, ‘किती आहे सांग.’

काम झाल्यावरच्या पहिल्याच पावसाळ्यात एकदा दोन दिवस पाऊस थांबेना. ओढा कारखान्याच्या पोटाखालून तांबडालाल होऊन धावत होता. ताई आणि मी वरून खिडकीतून बघत होतो आणि दोघांच्याही मनात एकच विचार होता: मावशीच्या घरात पाणी शिरलं असेल का? तिसऱ्या दिवशी उघडीप मिळाली. भाऊजींनी चहा घेतला, सवयीने रंधा पिशवीत घातला आणि खालच्या गल्लीकडे निघाले. मीही बरोबर गेलो.

मावशी इस्त्री करत होती. गठ्ठे टेबलाखालीच होते. भाऊजींनी दाराला हात लावला, खाली वाकले, कडेवरून बोट फिरवलं. दार उघडलं, लावलं. परत उघडलं, परत लावलं. ते कुठेही अडत नव्हतं.

‘एक हात मारू का?’ त्यांनी विचारलं. ‘आलोच आहे तर.’

‘नको हो दादा,’ मावशी म्हणाली, ‘उगीच फट पडेल.’

आम्ही परत आलो. ताई पायरीवरच उभी होती. ‘एवढ्यात आलात?’ तिने विचारलं.

भाऊजींनी पिशवीतून रंधा काढला, त्याचं पातं अंगठ्याने चाचपून बघितलं आणि तो जागेवर ठेवला.

‘कामच नव्हतं,’ ते म्हणाले. इतक्या वर्षांत त्यांना हे वाक्य एवढ्या ऐटीत म्हणताना मी पहिल्यांदाच ऐकलं.